तरवा पिवळा पडला म्हणून आणखी खत नको

प्रश्न : आम्ही कागल तालुक्यातले. घरात मामंजींच्या आधीपासून बिडी तंबाखू आहे. यंदा धाकट्या दिरांनी अमेरिकेतला एक व्हिडिओ बघून पाण्यावर तरंगत्या ट्रेत तरवा (लावणीची रोपं) करायचं मनावर घेतलं. विटा लावून १२ फूट बाय ४ फुटांचा हौद केला, आत काळा कागद अंथरला, ५ इंच पाणी भरलं. २०० कप्प्यांचे थर्माकोलचे १८ ट्रे मागवले, कोकोपीट भरलं आणि ओल्या काडीनं बी टाकलं. वर पॉलिथिनचं छप्पर आहे. बी टाकलं त्याच दिवशी पाण्यात दीड किलो १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के असलेलं खत) सोडलं. आज २० वा दिवस. रोपं नखाएवढी झालीत पण पिवळी आहेत, पानांची टोकं करपलीत. एका कोपऱ्यातल्या तीन ट्रेत निम्मे कप्पे रिकामेच. कोकोपीटवर पांढरी खपली धरलीय, कडेच्या पाण्यावर शेवाळ आलंय. दीर म्हणतात नत्र कमी पडलं, अर्धा किलो युरिया सोडू. मामंजी म्हणतात ओतून द्या सगळं आणि गादीवाफ्यावर (मातीच्या उंच वाफ्यावर) या. आरओवाल्याकडचा टीडीएस पेन (पाण्यातले क्षार मोजणारा) बुडवला तर १,४०० दाखवतो, ते चांगलं की वाईट तेही कळत नाही. काय करावं? आणि पुढच्या वर्षी हे वाढवावं का?

उत्तर : ताई, युरिया सोडू नका. हे उत्तर पोचेपर्यंत दिरांनी सोडला नसेल अशी आशा करतो. मामंजींचंही इतक्यात ऐकू नका. टोकं करपली असली तरी मधला कोंब हिरवा असेल तर तरवा बराचसा सावरेल. आज भिंग घ्या, नाहीतर मोबाईलचा कॅमेरा मोठा करून दहा-बारा रोपांचे कोंब बघा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट फार चांगली आहे. हौदाची लांबी, रुंदी, पाण्याची उंची आणि खताचं वजन, चारही आकडे दिलेत. बहुतेक पत्रांत ‘थोडं खत टाकलं’ एवढंच असतं. त्यामुळे हिशेब करता येतो.

१२ गुणिले ४ म्हणजे ४८ चौरस फूट. पाणी ५ इंच, म्हणजे २० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर पाणी मावतं, म्हणून तुमच्या हौदात साधारण ५६६ लिटर पाणी आहे. दीड किलो १९:१९:१९ मध्ये नत्र १९ टक्के, म्हणजे २८५ ग्रॅम. ते ५६६ लिटरमध्ये विरघळलं की लिटरला अर्धा ग्रॅम पडतं, ५०० मिलिग्रॅम. यालाच ५०० पीपीएम म्हणायचं. ज्यांच्याकडून ही पद्धत आली त्या केंटकी, टेनेसी, नॉर्थ कॅरोलिनातल्या विद्यापीठांच्या शिफारशी बघितल्या तर सुरुवातीचा डोस १०० पीपीएमच्या आसपास आहे. कॅरोलिनावाले १५० पर्यंत जातात, त्याच्यावर नाही. तुम्ही पाचपट दिलंय. दिरांना नत्र कमी वाटतंय ते रोपांचा रंग बघून, आणि तिथंच माणूस फसतो. खार लागलेलं रोपही पिवळंच दिसतं. मुळानं पाणी ओढायचं थांबवलं की भरल्या हौदावर बसूनही रोप उपाशी राहतं.

मातीत एवढं खपून जातं. चिकण माती अमोनियम धरून ठेवते, पावसानं नायट्रेट खाली उतरतं, मूळ वाकडं जाऊन खतापासून लांब निसटतं. घागरभर पाण्यात मूठभर मीठ आणि विहिरीत मूठभर मीठ, एवढा फरक आहे. हौदातून पाणी बाहेर जात नाही आणि मुळांना पळायला जागा नाही. म्हणून वाफ्यावरचा अंदाज, ‘मूठभर फेका, पाऊस आला की लागेल’, इथं बाजूला ठेवावा लागतो. तराजू हवा. घरात सोन्याचांदीसारखं मोजणारा छोटा डिजिटल काटा नसेल तर किराणा दुकानातून खत ग्रॅमवर मोजून आणा. पण मोजाच.

आता ती पांढरी खपली. पहिल्या दोन-अडीच आठवड्यांत मूळ पाण्यापर्यंत पोचलेलं नसतं. कप्प्यातलं कोकोपीट खालून पाणी ओढतं, वर आणतं आणि वरच्या थरातून ते उडून जातं. पाणी उडतं, खार मागं राहतो. रोज थोडा थोडा. आणि तंबाखूचं बी नेमकं त्याच वरच्या थरात बसलेलं असतं. एका ग्रॅममध्ये दहा-अकरा हजार बी येतं, एवढं ते बारीक. त्याच्या पहिल्या मुळीला तो खार काय करत असेल याचा विचार करा. जूनमध्ये पावसानं ओढ दिली, छपराखाली उकाडा झाला की हे आणखी वेगानं होतं. तिकडे खत बी टाकल्यावर आठवड्याच्या आत द्यायची पद्धत आहे, त्यामुळे पहिल्या दिवशी दिलं ही काही फार मोठी चूक नव्हे. डोस बरोबर असता तर निभावलं असतं. कॅरोलिनात मुळं पाण्यात उतरेपर्यंत दर एक-दोन दिवसांनी कप्प्यातल्या मिश्रणाचा खार तपासतात. ईसी (वीज किती वाहते त्यावरून मोजलेला खार) १ च्या वर गेली की वरून साधं पाणी मारून खार खाली धुतात. तेच आपल्याला करायचंय.

कोपऱ्यातल्या तीन ट्रेचं कोडं तुम्हीच सोडवू शकाल. खत कुठं ओतलं होतं? माझा अंदाज, तिथंच. पिशवी फाडून एका जागी ओतलं तर दाणे तळाशी बसतात आणि हौदातलं पाणी हलत नसल्यामुळे आठवडाभर तिथंच घट्ट राहतं. बाकीच्या ट्रेंना पाचपट मिळालं असेल तर त्या कोपऱ्याला किती मिळालं असेल ते देव जाणे. तरी त्या ट्रेतले रिकामे कप्पे एकदा वरून नीट बघा. कोकोपीट काळसर ओलं असेल तर बी खारानं गेलं. फिकट, कोरडं असेल तर खताचा संबंध नाही. भरताना कप्प्याच्या तळाशी पोकळी राहिली आणि पाणी वर चढलंच नाही. असे कोरडे कप्पे कुणाच्याही ट्रेत निघतात. ट्रे भरून हलकेच दोनदा आपटला की कमी होतात.

पिशवीची मागची बाजू

पाचपट हा एक भाग झाला. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा आहे आणि तो दुकानदार सांगत नाही. १९:१९:१९ ची पिशवी उलटी करा. मागं नत्राची फोड दिलेली असते : नायट्रेट साधारण ४ टक्के, अमोनियाचं साडेचार, आणि युरियाचं साडेदहा. म्हणजे अर्ध्याहून जास्त नत्र युरियाच्या रूपात. शेतात युरिया पडला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात, मग नायट्राइट, मग नायट्रेट. मातीत हे सगळे जिवाणू हजर असतात आणि काम पटापट पुढं सरकतं. हौदातल्या पाण्यात आणि नव्या कोऱ्या कोकोपीटमध्ये ही साखळी अडखळते. मधेच अमोनिया किंवा नायट्राइट साचतं आणि कोवळ्या तंबाखूला दोन्ही बाधतात. म्हणून तिकडे तरंगत्या ट्रेसाठी खत निवडताना पहिला प्रश्न असतो, नत्र नायट्रेटचं किती? निम्म्याहून जास्त नायट्रेट हवं आणि युरिया शक्यतो नकोच. यामुळेच तिथं २०-२०-२० ऐवजी २०-१०-२० वापरतात. दुसरं कारण स्फुरद. पाण्यात स्फुरद जास्त झालं की रोप उंच, बारीक, लुळं होतं. ३५ ते ५० पीपीएम पुरे. तुमच्या हौदात आज नत्राइतकंच स्फुरद आहे, म्हणजे तेही ५००.

टीडीएस पेनचं कोडंही इथंच सुटतं. पेन पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो आणि त्यावरून आकडा सांगतो. युरिया वीज वाहून नेत नाही. म्हणजे तुम्ही टाकलेल्या नत्रातला निम्म्याहून जास्त भाग त्या पेनला दिसतच नाही. १,४०० मध्ये तुमच्या विहिरीच्या पाण्याचे स्वतःचे किती, हेही माहीत नाही, कारण नुसतं पाणी मोजलेलं नाही. तो पेन वाईट नाही, फक्त त्याला जोडीला एक खूण लागते. ती कशी करायची ते पुढं सांगतो.

या चार दिवसांत

क्रम सांगतो तसाच ठेवा, उलटा करू नका.

आधी जुन्या पाण्यावरच ट्रे तरंगत असताना झारीनं वरून साधं पाणी द्या. बारीक भोकांची झारी घ्या, जोर नको, रोपं आडवी पडतील. सकाळी एकदा, ऊन चढायच्या आत. कप्प्याच्या तळातून पाणी निथळेल इतकं. दोन दिवस लागोपाठ. वरचा खार खाली जुन्या पाण्यात जाईल आणि ते पाणी आपण टाकूनच देणार आहोत. आधी पाणी बदललं आणि मग झारी मारली तर तोच खार नव्या पाण्यात उतरेल.

तिसऱ्या दिवशी ट्रे उचलून बाजूला फळ्यांवर ठेवा. मुळं खाली डोकावायला लागली असतील, म्हणून ट्रे जमिनीवर घासू नका, ओढू नका आणि उन्हात ठेवू नका. हौद पूर्ण रिकामा करा. चार इंच काढून चार इंच साधं पाणी भरलं तरी हिशेबानं १०० पीपीएम येईल, असं दीर म्हणतील आणि गणित बरोबरच आहे. पण त्यात निम्मा युरिया आणि मागं राहिलेलं अमोनिया तसंच येईल. पूर्ण काढा. ते पाणी वाया जात नाही, उसाच्या सरीत सोडा. सगळं मिळून पाऊण किलो युरियाएवढंही नत्र त्यात नाही, उसाला कळणारही नाही. ओढ्यात किंवा विहिरीच्या कडेला मात्र सोडू नका.

काळा कागद ओल्या फडक्यानं पुसून घ्या, शेवाळ निघेल. मग नवं पाणी भरा. ओढ्याचं किंवा शेततळ्याचं नको. त्यातून पिथियमसारखी मूळकूज करणारी बुरशी थेट हौदात येते आणि एकदा आली की अठराही ट्रे त्याच पाण्यात बसलेले. विहिरीचं किंवा बोअरचं घ्या.

खताचं माप

२०-१०-२० मिळालं तर हौदाला २८० ग्रॅम. एवढंच. दीड किलोच्या सवयीपुढं हे हास्यास्पद वाटेल, पण ५६६ लिटरला १०० पीपीएम नत्र म्हणजे ५७ ग्रॅम नत्र, त्याला २० टक्क्यांचं खत २८० ग्रॅम पुरतं.

नाही मिळालं तर कोल्हापूर-निपाणीच्या कुठल्याही ठिबकच्या खतांच्या दुकानात मिळणाऱ्या खतांतून जुळवता येतं. तुमच्या ५६६ लिटरसाठी : १३:००:४५ घ्या १४० ग्रॅम, कॅल्शियम नायट्रेट २०० ग्रॅम, १२:६१:०० फक्त ४५ ग्रॅम, आणि मॅग्नेशियम सल्फेट ५५ ग्रॅम. यातून नत्र ९६ पीपीएमच्या आसपास येतं, त्यातलं चार पंचमांशाहून जास्त नायट्रेटचं. स्फुरद ४८, पालाश ११०. युरिया शून्य. क्लोराइडही नाही, आणि तंबाखूवाल्याला ते वेगळं सांगायला नको. पालाशसाठी एमओपी (म्युरिएट ऑफ पोटॅश, यात क्लोराइड असतं) कुणी सुचवली तर हात जोडा. पान नीट जळत नाही ही तक्रार घेऊन व्यापारी भाव पाडतो ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त बघितलंय.

विरघळवताना एक पथ्य. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या बादलीत, बाकीची तीन वेगळ्या बादलीत. घट्ट पाण्यात एकत्र केलीत तर कॅल्शियम आणि स्फुरद एकमेकांना धरतात आणि पांढरा गाळ तळाशी बसतो. तुमचे पैसे गाळात, रोपाला काहीच नाही. पहिली बादली हौदात सहा-सात ठिकाणी थोडी थोडी ओता, लांब काठीनं किंवा छोट्या पंपानं पाणी दहा मिनिटं फिरवा, मग कॅल्शियमची बादली तशीच. मग ट्रे सोडा. सूक्ष्म अन्नद्रव्यांचं चिलेटेड मिश्रण डब्यावर लिहिल्याच्या मात्रेत एकदा द्या, कारण कोकोपीटमध्ये मातीसारखं काही नसतं. बोरॉनचा वेगळा चमचा मात्र मनानं टाकू नका. बोरॉन कमी पडलं तर कोंबाची पानं वेडीवाकडी होतात हे खरं, पण जास्त झालं की पानांच्या कडा जळतात, आणि कमी-जास्त यातलं अंतर चिमटीएवढं आहे.

आता पेनची खूण. नुसतं विहिरीचं पाणी मोजा, वहीत लिहा. मग हौदात खत नीट मिसळल्यावर मोजा, तेही लिहा. दोन आकड्यांमधला फरक, तो कितीही येवो, म्हणजे तुमच्या खतातलं १०० पीपीएम नत्र. या मिश्रणात युरिया नसल्यामुळे पेन आता खोटं बोलणार नाही. फरक निम्म्यावर आला की नत्र निम्मं झालं. आरओवाल्याचा पेन असला तरी चालतो, मात्र तोच पेन दरवेळी वापरा. दोन पेनांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

यानंतर पाणी कमी होईल तसं भरायचं ते साधं. हे मी ठळक करून सांगतो कारण पुढची चूक इथंच होते : पाणी इंचभर उतरलं, भरलं, आणि ‘पाणी घातलं म्हणून खतही घातलं’. रोप खतापेक्षा पाणी जास्त पितं, वरून उडून जातं ते वेगळंच. दरवेळी खत घातलंत तर तीन आठवड्यांत पुन्हा आजच्या जागी याल. दुसरा डोस पहिल्यानंतर साधारण चार आठवड्यांनी, किंवा पेनवरचा फरक निम्म्याच्या खाली गेला की. तेव्हाही आधी पाणी मूळच्या ५ इंचांवर आणा, मोजा, आणि जेवढं कमी पडलंय तेवढंच घाला. छपरातून पाऊस हौदात गळत असेल तर हे सगळं गणित रोज बदलेल. मृगाच्या सरीत अमेरिकेतल्या काचघराचा हिशेब चालत नाही, तेव्हा आधी छप्पर नीट करा.

खरंच पिवळं पडलं तर

पुढच्या महिन्यात कधीतरी पुन्हा पिवळेपणा दिसेल. घाबरून लगेच दुकानात जाऊ नका, कुठली पानं पिवळी आहेत ते बघा. खालची जुनी पानं आधी फिकट होत वरपर्यंत आली तर नत्राची भूक. पेनही तेच सांगेल. कोंबाजवळची नवी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या असतील तर लोह. हौदात लोह असूनही रोपाला घेता येत नसेल, तर दोष बहुतेक पाण्याचा. आपल्याकडच्या काळ्या जमिनीतल्या विहिरी-बोअरचं पाणी अनेकदा कडक असतं, त्यात बायकार्बोनेट भरपूर. त्यानं कोकोपीटचा सामू (पीएच) हळूहळू चढतो आणि लोह अडकतं. चहाच्या भांड्याला किंवा गिझरला पांढरा थर धरतो का, यावरून अंदाज येईल. पण अंदाजावर न थांबता एक लिटर पाणी माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेत द्या आणि सामू, ईसी, बायकार्बोनेट, क्लोराइड हे चार आकडे मागा. खरं तर हे हौद बांधायच्या आधी करायचं काम. तिकडचे शेतकरी असं पाणी मोजून-मापून आम्ल घालून ताळ्यावर आणतात. ते रिपोर्ट हातात आल्याशिवाय करायचं नाही, आणि घरात पोरंबाळं असताना आम्लाचा कॅन गोठ्यात ठेवायचा नाही.

कोकोपीटबद्दलही एक शंका आहे. विटेच्या आकारातलं कोकोपीट स्वस्त मिळतं, पण ते बरेचदा धुतलेलं नसतं. नारळाच्या सोडणात मीठ असतं, समुद्रकाठच्या पाण्यात कुजवलेलं असेल तर आणखी. भिजवून एकदा पिळलंत आणि ट्रेत भरलंत, असं झालं असेल तर तुमच्या खाराचा थोडा वाटा तिथूनही आलाय. उरलेली एखादी वीट बादलीत भिजवा आणि त्या पाण्यात पेन बुडवा, लगेच कळेल. पुढच्या वेळी दोन-तीन पाण्यांनी धुऊन मगच भरा.

शेवाळ दिसायला ओंगळ आहे, पण ते मूळ दुखणं नव्हे. खत आणि उजेड एकत्र आले की ते येणारच. ट्रे आणि हौदाची भिंत यांत जिथं जिथं पाणी उघडं दिसतंय तिथं फळी किंवा थर्माकोलच्या पट्ट्या टाका. उजेड थांबला की शेवाळ थांबतं. औषधाच्या भानगडीत पडू नका.

काडीनं बी टाकताना काही कप्प्यांत चार-पाच पडलं असेल. आपल्याकडे बिडी तंबाखूचं गोळी केलेलं (वर लेप देऊन मोठं केलेलं) बी सहज मिळत नाही, त्यामुळे हे व्हायचंच. पाणी बदलल्यावर चार-पाच दिवसांनी विरळणी करा, एका कप्प्यात एकच. उपटू नका, शेजारचं हलतं. कात्रीनं कापा. फक्त रिकाम्या कप्प्यात लावायचं असेल तेवढंच सशक्त रोप ओल्या दिवशी अलगद मुळासकट काढून लावून बघायला हरकत नाही. त्या तीन ट्रेतले निम्मे भरून निघतील.

आणखी पाचेक आठवड्यांनी रोपं एकमेकांच्या डोक्यावर चढतील. तेव्हा दिरांना व्हिडिओतलं यंत्र आठवेल. अमेरिकेत रोपांचे शेंडे यंत्रानं छाटतात, म्हणजे सगळी एकसारखी होतात आणि खोड जाड होतं. तुम्ही धारदार कात्रीनं, कोंब वाचवून, वरची पानं अर्धी छाटू शकता. कात्री मधून मधून निर्जंतुक करा आणि छाटलेली पानं हौदात पडू देऊ नका. ती सडतात आणि तिथून खोडकूज चालू होते. नत्र जास्त असेल तर ही छाटणी दर चार दिवसांनी करावी लागते, रोप मऊ राहतं आणि खोडकुजीला आवतण मिळतं. उलट नत्र पार संपलं, ५० पीपीएमच्या खाली गेलं, की पानांवर ठिपक्यांचा रोग चढतो. म्हणून शंभरचं पथ्य. लावणीच्या आधीच्या आठवडा-दहा दिवसांत नवीन खत देऊ नका. रोप थोडं फिकं आणि कणखर होऊन शेतात जाऊ दे, हिरवंगार लुसलुशीत नको.

पुढच्या वर्षाचं

वाढवावं का? आधी हे कुठून आलं ते बघा. अमेरिकेत पूर्वी तंबाखूचे वाफे मिथिल ब्रोमाइडच्या वायूनं निर्जंतुक करायचे. आपण राब भाजतो (वाफ्यावर पालापाचोळा जाळतो), हेतू तोच. १९८० च्या दशकाच्या शेवटी तरंगते ट्रे आले आणि १९९० च्या दशकात तिकडच्या बहुतेक तंबाखूवाल्यांनी वाफे सोडले. मजुरी वाचली, रोप एकसारखं मिळालं, लावणीचं यंत्र नीट चाललं. पुढं ओझोनच्या थरासाठी झालेल्या माँट्रियल करारात मिथिल ब्रोमाइडवर बंदी आली, तेव्हा ब्राझील आणि झिंबाब्वेसारख्या देशांतही हेच ट्रे गेले. त्यांची गरज होती वायू सोडायची आणि यंत्रानं लावायची. तुमच्याकडे ना वायू, ना यंत्र.

तुमचे १८ ट्रे म्हणजे ३,६०० कप्पे. तीन बाय दोन फुटांवर एकराला सव्वासात हजार रोपं लागतात, म्हणजे सगळं उगवलं तर अर्ध्या एकराची लावण. यावर्षी तेवढ्यावरच शिका. ऑगस्टमध्ये लावण करताना ट्रेतल्या रोपांच्या दोन ओळी आणि मामंजींच्या गादीवाफ्यातल्या रोपांच्या दोन ओळी शेजारी शेजारी लावा, आणि महिन्यानं मर किती झाली, म्हणजे किती रोपं मेली, ते मोजा. मामंजींनी वाफा टाकलेला असणारच, मला खात्री आहे.

मधला एक रस्ताही आहे आणि मला तो तुमच्यासाठी जास्त पटतो. म्हैसूरकडे, हुणसूर भागात, सिगारेटच्या तंबाखूवाले बी वाफ्यावरच टाकतात आणि महिन्याभराचं रोप कोकोपीटच्या प्रोट्रेत (कप्प्यांच्या प्लास्टिक ट्रेत) हलवतात. ट्रे पाण्यावर तरंगत नाहीत, झारीनं पाणी द्यायचं. खत चुकलं तर दुसऱ्या दिवशी धुऊन टाकता येतं. बारीक बियाचा खेळ वाफ्यावर होतो, जिथं मामंजींचा हात बसलेला आहे, आणि लावणीला मुळांच्या गड्ड्यासकट रोप मिळतं, ते पावसाच्या खंडात तग धरतं. निपाणीचं कृषी संशोधन केंद्र तुमच्यापासून जवळ आहे आणि बिडी तंबाखू हा त्यांच्या कामाचा विषय आहे. पाण्याचा रिपोर्ट घेऊन दिरांना तिथं पाठवा.

तंबाखू करावी की सोडावी हे तुम्ही विचारलेलं नाही, म्हणून मी त्यात पडत नाही.

थर्माकोलचे ट्रे लावणीनंतर फेकू नका. मुळांचे तुकडे कप्प्यांतून ब्रशनं काढा, ट्रे धुवा, ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून पुन्हा साध्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवून उंदरांपासून लांब ठेवा. दुसऱ्या वर्षी ट्रेच्या भिंतीत मुळं शिरलेली दिसली तर ते ट्रे तंबाखूला वापरू नका, भाजीच्या रोपांना द्या. वांगी, मिरची आणि टोमॅटोला मात्र नको, ती तंबाखूच्याच कुळातली आहेत, रोग तेच. कोबी-फ्लॉवरला चालतील.